तीन घरांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आहे. मी भित्रा आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला हसू आलं तरी मला वाईट वाटणार नाही. स्टीलच्या डब्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला ऊन, पाऊस आणि थंडीत उघड्या रानात एकट्याने दडून बसायचं काम मिळालंय, त्याच्या जिवाला विचारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीटसं आठवत नाही. पत्र्यावर दणकन साचा बसला आणि मी गोल झालो, एवढंच आठवतं. माझी पहिली भीती तीच. दुसरी भीती अमरावतीच्या भांड्यांच्या दुकानात. दुकानदाराने टर्र आवाज करणारी सुई माझ्या पोटावर टेकवली आणि ‘सौ. सरोजिनी’ असं नाव घातलं. मला वाटलं, आता आपल्याला भोक पडणार! भोक काही पडलं नाही. उलट मला घर मिळालं.

सरोजिनीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. रोज दुपारच्या सुट्टीत माझं झाकण उघडायचं. कधी पोळी आणि वांग्याची भाजी, उपासाला साबुदाण्याची उसळ. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बाई म्हणायच्या, “सरोजिनी, तुझ्या डब्यातून तेलाचा थेंब म्हणून बाहेर येत नाही गं!” तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बसवलं. माझ्या पोटात खिळे, रबरं आणि कुठल्याशा मिक्सरचे स्क्रू आले. मी तिथे कितीतरी वर्षं धूळ खात बसलो. कोणी झाकणाला हातसुद्धा लावत नव्हतं.

मग एक दिवस बाईंचा मुलगा ईशान मला शोधत आला. ईशान घरीच बसून संगणकावर नोकरी करतो, आणि त्याला एक नवा खेळ लागला होता. जिओकॅशिंग. तो आईला समजावून सांगत होता. जगभर लोक डबे लपवतात, लपवलेल्या जागेचे अक्षांश आणि रेखांश फोनवर टाकतात, सोबत एखादी खूण लिहितात. बाकीचे लोक त्या आकड्यांच्या मागे मागे जातात, डबा हुडकून काढतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून घरी जातात.

“म्हणजे अक्षांश-रेखांशासाठी पोरं स्वतःच्या पायांनी चालत जातात?” बाईंनी विचारलं.

“हो आई. उन्हातान्हात.”

“अरे, माझ्या वर्गात तर फळ्यापर्यंत यायला रडायची!”

बाईंचे डोळे असे चमकले की मी ओळखलं, आपल्या फळीवरच्या सुखाचे दिवस संपले. खिळे काढले, मला घासूनपुसून लख्ख केलं. पोटात एक छोटी वही आली, पेन्सिलीचा तुकडा आला, आणि शोधणाऱ्यांसाठी काचेची गोटी, बांगडी, किल्ल्या अडकवायची, प्लास्टिकचं पिवळं लिंबू लावलेली कडी असल्या गमतीजमती आल्या.

लपवायचं कुठे? बाईंच्या दारावर वर्षानुवर्षं भाजी घेऊन येणारी वच्छलाबाई होती. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, भगवंतभाऊंचं, चांदूर बाजारच्या रस्त्याला शेत आहे. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधाला थोडी शेवंती. शेताच्या कडेने एक नाला जातो, आणि तो गावरस्त्याखालून जावा म्हणून जुन्या काळी दगडी कमान बांधलेली आहे. इकडे तिला पुलिया म्हणतात. उत्तरेला दूर मेळघाटचे डोंगर दिसतात. नाल्याचं पाणी तिकडूनच येतं.

आम्ही गेलो ते ऐन वैशाखात. तुम्ही आमच्या वऱ्हाडातला वैशाख पाहिला नसेल तर सांगतो, त्या दिवसांत कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. भगवंतभाऊ बाईंना पाहून डोक्याला हात लावून म्हणाले, “बाई, येवढ्या उन्हात कायले आल्या तुमी? डोस्क्याले फडकं त बांधा!”

“भगवंतभाऊ, तुमच्या शेतात हा डबा लपवला तर चालेल का?”

“ठेवा ना. डबाच त हाये, खाते का पेते?”

पण ठेवायचा कुठे? बांधावरचे दगड असे तापले होते की मला टेकवताच बाईंनी हात झटकला. कडुनिंबाच्या झाडाला सावली होती, पण गरम वारा थेट तोंडावर येत होता. शेवटी बाई नाल्यात उतरल्या आणि वाकून पुलियाखाली गेल्या. नाला कोरडा ठणठणीत. आत मात्र माठाजवळ बसावं असा गारवा. डाव्या भिंतीतला एक दगड निखळून तिथे हातभर खोल पोकळी झाली होती. बाईंनी मला तिच्यात सरकवलं.

“बाई, पावसायात इथून नाला जाते,” भगवंतभाऊ म्हणाले. “तिकडे डोंगरात पानी पडलं का मंग काई खरं नाही. इथं ऊन राह्यते अन् नाल्याले पूर येते.”

“पावसाळ्यात काढून घेऊ की. उन्हाळा आला की आपण अंगणात झोपतो, पाऊस आला की खाट घरात घेतो. डब्याचंही तसंच करायचं.”

अशी मला तीन घरं मिळाली. उन्हाळ्यात पुलियाखाली, पावसाळ्यात निंबाच्या बेचकीत, हिवाळ्यात धुऱ्यावरच्या दगडांच्या ढिगात. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दर खेपेला बाई स्वतः यायच्या, मला उचलायच्या, नव्या घरी ठेवायच्या आणि तिथेच उभं राहून फोनमधले आकडे आणि खूण बदलायच्या. आकडे बदलल्याशिवाय त्या पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. जगात कुठेही नसेल असा हा घर बदलणारा डबा आहे, असं ईशान सगळ्यांना सांगायचा, आणि बाई लटक्या रागाने त्याच्याकडे बघायच्या.

घरं तीन, तशा भीतीच्या जातीही तीन. उन्हाळ्यात माझ्या पोकळीत एक धामण निजायला यायची. ती बिनविषारी असते म्हणतात, पण ते मला कोण सांगणार? तिचं अंग माझ्या झाकणाला घासलं की मी आतल्या गोटीसकट थरथरायचो. एकदा अकोल्याचा नितेश नावाचा तरुण भर दुपारी मला शोधत आला. ऊन लागून पुलियाखालीच आडवा झाला, ओठ पांढरे पडलेले. वच्छलाबाईने त्याला कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं आणि वरून चांगलं फैलावर घेतलं. “डबा का पयून चालला व्हता रे? संध्याकाळी येता नसतं आलं?”

पावसाळ्यात निंबावर विजेची भीती. ढगात एकदा कडकडलं की मला वाटायचं, स्टीलच्या अंगाने मीच तिला बोलावतो आहे. माकडं यायची, मला हलवून बघायची, वास घ्यायची. मध्येच एखादं दात विचकून माझ्या झाकणाला चावायचं. हिवाळ्यात धुऱ्यावर दव पडायचं आणि मी गारठून जायचो. पहाटेला धुकं असं उतरायचं की रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप माझ्यापासून दोन हातांवर चरून जायचा आणि मला फक्त त्यांच्या फुरफुरण्यावरून कळायचं. त्यातल्या एकाने पाय टाकला असता तर माझा पापड झाला असता.

एका हिवाळ्यात शेजारच्या शेतातले गोवर्धनभाऊ धुरा साफ करत होते आणि त्यांच्या विळ्याला मी लागलो. त्यांनी झाकण उघडलं. आत बांगडी, गोटी आणि ती पिवळ्या लिंबाची कडी. ते मला तसंच टाकून दहा पावलं मागे पळाले.

“भगवंता, धाव रे! तुह्या धुऱ्यावर कोनं त करणी करून ठेवली!”

चार माणसं जमली. कोणी म्हणालं जाळा, कोणी म्हणालं नदीत सोडा. मित्रांनो, त्या दिवशी मी आगीला भ्यायचं की पाण्याला, हेच मला कळेना. वच्छलाबाई कमरेला पदर खोचून आली, तिने मला उचललं आणि सगळ्यांच्या नाकासमोर ती कडी वाजवून दाखवली. “करणी करनारा वहीत सही करून जाते का? बाईचा डबा हाये थो!” मग गोवर्धनभाऊंनीही हसत हसत वहीत सही केली. मला मात्र पुढचे कित्येक दिवस काडी पेटल्याचा वास येत राहिला.

या सगळ्या भीतींची मला सवय झाली होती. त्या माझ्या एकट्याच्या होत्या, आणि आपली भीती आपल्याला सोसता येते.

मग एका वर्षी ज्येष्ठ लागला आणि बाई आल्याच नाहीत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अकोल्याला त्यांची बहीण असते, म्हणून तिकडच्याच दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. हे मला पुलियाखाली कसं कळलं म्हणाल, तर भगवंतभाऊ फोनवर बोलतात ते समोरच्याला फोनशिवायही ऐकू जावं असं बोलतात.

डोंगरावर ढग जमायला लागले. मी पोकळीत बसून दिवस मोजत होतो. नाल्याचं पाणी आलं की ते मला कुठल्या कुठे, पूर्णा नदीच्या पात्रात नेऊन टाकणार. मग एका सकाळी ओळखीचा हात आत आला. वच्छलाबाईचा, सांबाराचा वास असलेला.

“बाई नाही त का झालं? आमी आहो ना,” ती माझ्याशीच बोलली. तिने मला पदराने पुसलं, निंबाच्या बेचकीत नेऊन ठेवलं आणि वाऱ्याने पडू नये म्हणून सुतळीने बांधून टाकलं. भगवंतभाऊंनी लगेच ईशानला फोन लावला.

“डबा काढला बरं का! बाईले सांगा, फिकीर करू नोका!”

ईशान तेव्हा दवाखान्याच्या दारात उभा होता. आईला आत नेलेलं होतं. तो म्हणाला, “फार बरं केलंत काका.” मग त्याने आईला शुद्धीवर आल्यावर सांगितलं, आणि गुंगीत असलेल्या बाईही हसल्या म्हणे. सगळ्यांच्या जिवात जीव आला. मलाही त्या रात्री छान झोप लागली. पाऊस पडत होता, मी उंचावर होतो, कोरडा होतो.

मित्रांनो, इतकी माणसं माझ्यासाठी धडपडली. पण फोनमधले आकडे बदलायचे राहिले, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

श्रावणातली दुपार होती. आमच्याकडे पाऊस नव्हता, उलट स्वच्छ ऊन पडलं होतं आणि शेतातून वाफ निघत होती. नाल्यात घोट्यापर्यंत पाणी होतं. माझ्या निंबाला वच्छलाबाईने गाय बांधली होती, आणि ती स्वतः पलीकडे वाकून सांबार उपटत होती. रस्त्यावर एक स्कूटी थांबली. एक मुलगी उतरली. तिचं नाव इशिता, हे मला नंतर कळलं. अकोल्याची, अमरावतीला कॉलेजात शिकणारी, आणि त्या दिवशी मैत्रीण ऐनवेळी आली नाही म्हणून एकटीच निघालेली.

तिच्या हातात फोन होता आणि नजर फोनवर. ती सरळ माझ्या निंबाखाली आली. माझ्यात आनंदाची लहर उठली. लपवलेल्या डब्याला दुसरं काय हवं असतं? आता ही वर बघेल, टाचा उंच करेल, हात लांब करेल.

ती वर न बघताच पुढे गेली.

मला आधी वाईट वाटलं, आणि मग ती नाल्याच्या काठाशी थांबून बूट काढायला लागली तेव्हा माझं सगळं अंग गार पडलं. फोन तिला पुलियाकडे नेत होता. त्यात अजून उन्हाळाच चालू होता. ‘वैशाखातही जिथे गारवा असतो तिथे वाकून आत जा, डाव्या भिंतीत हात घाल’ ही बाईंची खूण ती मोठ्याने वाचत होती आणि खूश होत होती.

मी डोंगराकडे पाहिलं. डोंगर दिसतच नव्हते. त्यांच्या जागी काळाकुट्ट ढग होता, आणि त्याच्याखाली पावसाचा पडदा.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुमच्यापैकी कोणी मला उघडलं तरच माझा आवाज होतो. मी त्या बेचकीत बसून मनातल्या मनात ओरडत होतो, पोरी, मी इथे आहे, वर बघ, मागे फिर. इशिता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरली, वाकली आणि कमानीच्या अंधारात दिसेनाशी झाली. आजवर माझी एकच इच्छा होती, आपण सापडावं. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं.

आवाज आधी गाईने ऐकला. तिने कान टवकारले आणि दावं ताणलं. मग मला ऐकू आला, लांबून चार-पाच भरलेल्या बैलगाड्या दगडी रस्त्यावरून याव्यात तसा. वच्छलाबाईने मान वर केली. तिला नाल्याचा तो आवाज चांगला माहीत होता. तिने रस्त्यावरची स्कूटी पाहिली, काठावरचे बूट पाहिले, आणि तिचं लक्ष निंबावर, माझ्याकडे गेलं. तिला सगळं उमगलं होतं.

“अवं माय! थे पोरगी डबा पाहून राह्यली!”

ती हातातलं सांबार टाकून धावली. “ए पोरी! भायेर ये! डबा तिथी नाही वं! पानी येऊन राह्यलं, भायेर ये!”

पुलियाखाली पाण्याची खळखळ घुमते. आतल्या माणसाला बाहेरचं काही कळत नाही. इशिता त्या वेळी डाव्या भिंतीत कोपरापर्यंत हात घालून माझी रिकामी जागा चाचपडत होती. वच्छलाबाई काठापर्यंत गेली आणि तेवढ्यात पहिलं पाणी आलं. गढूळ, फेसाळलेलं, काट्याकुट्यांनी भरलेलं. घोट्याचं पाणी बघता बघता मांडीला लागलं. आतून किंकाळी आली. इशिता कमानीच्या खालच्या तोंडाशी बाहेर फेकली गेली आणि तिथल्या करंजाच्या मुळीला तिने मिठी मारली. पाणी तिला ओढत होतं.

वच्छलाबाईला पोहता येत नाही. ती वळून माझ्याकडे धावत आली. माझ्याकडे नव्हे, गाईकडे. गाईचं दावं सोडायला. निंबाच्या खोडाला बांधलेली गाठ ओल्याने आवळली होती. तिची नखं मोडत होती, गाठ सुटत नव्हती. मी तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होतो. माझ्यासाठी तिने मारलेली सुतळीची गाठ माझ्या पोटाला घट्ट बसली होती आणि खाली ही दुसरी गाठ सुटत नव्हती. तिकडून इशिताचा आवाज येत होता, “काकू! काकू, मले धरा!” आणि मग तो आवाज येईनासा झाला.

वच्छलाबाईने दात लावले. गाठ सुटली.

पुढचं मला पूर्ण दिसलं नाही, कारण गळ्यातलं दावं काढताच गाय मोकळी होऊन मध्येच आडवी उभी राहिली. दाव्याचं एक टोक वच्छलाबाईने आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं फेकलं. ते एकदा वाहून गेलं. तिने पुन्हा ओढून फेकलं. भगवंतभाऊ पलीकडच्या शेतातून ओरडत धावत येत होते. मी डोळे मिटून घेतले असते, पण डब्याला डोळे मिटता येत नाहीत.

दोघांनी मिळून तिला वर ओढलं.

ती निंबाखाली बसली होती. अंगभर चिखल, कोपर खरचटलेलं, दात वाजत होते. फोन नाल्यात गेला होता. वच्छलाबाई तिचं डोकं पदराने पुसत होती आणि रडत होती आणि तिला रागावतही होती, सगळं एकदम.

“एकटी काहून आली वं? तुही माय काय म्हनन मले?”

“मले वाटलं डबा तिथंच आहे काकू. फोनमध्ये तिथंच दाखवत होतं.” मग तिने विचारलं, “मग डबा आहे कुठं?”

वच्छलाबाईने बोट वर केलं. इशिताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ होतो, सुतळीने नीट बांधलेला, पाण्याचा एक थेंब न लागलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मला स्वतःची लाज वाटली.

वच्छलाबाई त्यानंतर कितीतरी दिवस नीट जेवली नाही. भाकर तोडता तोडता थांबायची आणि म्हणायची, “म्याच काढला न थो डबा. डबा वाचवला अन् लेकरू मरत व्हतं.” भगवंतभाऊ समजूत घालायचे, पण त्यांचाही आवाज खाली आलेला होता. अकोल्याला ही बातमी पोचली तेव्हा बाई अंथरुणावर होत्या. त्यांनी ईशानला एका शब्दानेही बोल लावला नाही. फोन मागितला, आधी आकडे काढून टाकले आणि मग तोंड भिंतीकडे करून रडल्या. हे ईशाननेच नंतर निंबाखाली भगवंतभाऊंना सांगितलं. सांगताना तो सारखा चष्मा पुसत होता.

पौषात इशिता परत आली. त्या हिवाळ्यात मला धुऱ्यावर कोणी नेलंच नव्हतं, मी निंबावरच होतो. या वेळी तिच्यासोबत तिची मैत्रीण हर्षा होती आणि धुकं इतकं दाट होतं की त्यांची स्कूटी मला आधी ऐकू आली, दिसली नाही. आता ही पुन्हा नाल्यात उतरणार, असं मला वाटलं. पण ती नाल्याकडे गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. ती आधी वच्छलाबाईच्या अंगणात गेली आणि विचारलं, “काकू, आज झाडाकडे जाऊ का?”

“जाय ना. म्याबी येतो.”

तिघी निंबाखाली आल्या. इशिताने टाचा उंच करून सुतळी सोडली आणि माझं झाकण फिरवलं. तिची बोटं गार होती. वही काढली, पेन्सिल काढली, आणि ती वच्छलाबाईच्या हातात दिली.

“मले कायले? डबा त तुले सापडला.”

“सही शोधणाऱ्यानं करायची असते काकू. मले तुम्ही शोधलं.”

वच्छलाबाई निंबाखाली बसली. मग गुडघ्यावर वही ठेवून, एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहून झाल्यावर तिने पदर तोंडाला लावला. हर्षा दुसरीकडे बघत राहिली.

आता मला एकच घर आहे. बाई काठी टेकत येऊन गेल्या आणि बाराही महिने मी निंबावरच राहायचं असं ठरवून गेल्या. उन्हाळ्यात मी तापतो, थंडीत गारठतो, माकडं अजून चावतात. त्याला माझी ना नाही. पण बाई आल्या त्या दिवशी ईशानने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती वच्छलाबाईने ऐकली आणि मीही ऐकली. रानात कुठे कुठे फोनला रेंज नसते म्हणून काही लोक डब्यांचे आकडे आधीच आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवतात. तसे उतरवलेले आकडे इथून कोणालाच पुसता येत नाहीत.

तेव्हापासून डोंगराकडे अंधारून आलं की वच्छलाबाई हातातलं काम टाकून पुलियावर जाऊन उभी राहते. पूर येऊन ओसरेपर्यंत ती तिथून हलत नाही. भगवंतभाऊ म्हणतात, “आता कोन येते वं तिथी?” ती म्हणते, “आलं त?” मी वरून तिची पाठ बघत असतो, आणि माझ्या आतली गोटी वाऱ्याशिवायही हलते.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे शेवटी तुमच्याकडे मागतात की आम्हाला जपा, फेकू नका. माझं ते मागणं नाही. मला खुशाल पोचे येऊ द्या. पण एखादी वस्तू जागची हलवलीत, तर ती शोधत येणाऱ्यालाही कळवा. कुठे निघालात तर फोनला विचारण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगराकडे एकदा मान वळवून बघा. आणि चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या पुलियाचे ते जुने आकडे तुमच्यापैकी कोणाच्या फोनमध्ये अजून राहिले असतील, तर ते आत्ताच पुसून टाका. पुसायचं राहिलं आणि तिथवर पोचलातच, तर हात जोडून सांगतो, नाल्यात उतरू नका. मी तिथे नाही.